ट्रीटेड पाइनची फळी अर्ध्यात ब्लेड धरते? ब्लेड बदलण्याआधी फळी तोला

टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडच्या चिरकाम-मशीनवर, फळी लावली, पहिला फूटभर लोण्यासारखी गेली. मग मोटरचा सूर खाली बसतो, टेबलामागून निळसर धूर निघतो आणि फळी हातातल्या हातात किंचित वर उचलल्यासारखी होते. याच क्षणी जो घाबरून फळी मागे ओढतो, त्याच्याकडे ती आपणहून येते, आणि त्याने ओढली त्यापेक्षा कितीतरी जोरात. माझ्याकडे आली आहे. बेंबीच्या डावीकडे दोन बाय तीनच्या तुकड्याचा चौकोनी निळा ठसा पंधरा दिवस होता. बायको म्हणाली, "मशीन आहे का लाथाडी गाय?"

दहा इंची ब्लेड मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरत असेल तर दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास पडतो. पुढचे दात फळी टेबलावर दाबतात, ते आपल्या बाजूचे. मागचे दात खालून वर येतात आणि माथ्यावरून सरळ आपल्याकडे धावतात. चिरलेल्या फळीने मागच्या बाजूला ब्लेड चिमटलं की हे मागचे दात तिला उचलतात आणि अंगावर टाकतात. बोट जायचं असेल तर तेही याच गडबडीत जातं, कारण फळीवर दाबलेला हात फळी निसटली की ब्लेडवर उतरतो.

माझं शेड नागपुरात कळमन्याच्या बाजूला आहे. गच्चीवरचे मांडव, झाडांच्या पेट्या, अंगणातले बाक, असली उन्हापावसात राहणारी कामं जास्त येतात. पूर्वी ती सागवानात व्हायची. आता सागवानाचा भाव ऐकला की गिऱ्हाईकच म्हणतं, "केमिकलवाला पाइन लावा ना." हा ट्रीटेड पाइन (बुरशी-उधई लागू नये म्हणून औषध मुरवलेलं लाकूड) बराचसा परदेशातून जहाजाने येतो, गांधीधामकडे चिरला जातो, आणि लकडगंजातल्या टालावर आपल्याला हिरवट रंगाच्या दोन बाय सहाच्या फळ्या दिसतात. आमचा हात सागवानावर बसलेला. बल्लारशाच्या डेपोतलं चांगलं वाळलेलं सागवान (अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना इथूनच गेलं, ते) असा त्रास देत नाही. त्यामुळे पाइनने दगा दिला की पहिला संशय ब्लेडवर.

मी पहिल्या उन्हाळ्यात तीन ब्लेडं बदलली. ६० दातांचं काढून ४० चं घातलं, मग ४० चं नवंकोरं. माझा हेल्पर दर वेळी तेच म्हणायचा, "भाऊ, ब्लेडच बेकार आहे." शेवटी धार लावणाऱ्या काकांनी ब्लेड नखावर लावून पाहिलं आणि परत दिलं. "याले धार कायले लावू? धार तर हायेच. लाकूड पाहा ना, लाकूड." पैसे घेतले नाहीत. तेव्हा कुठे मी ब्लेडवरून नजर काढली.

कुठे अडतं, त्यावरून कारण कळतं

फळी पुढच्या टोकालाच, म्हणजे पहिल्या चार-सहा इंचांत जड जात असेल तर लाकडाला दोष देऊ नका. एक तर फेन्स (फळी जिला टेकवून पुढे सरकवतो ती टेबलावरची सरळ आडपट्टी) तिरका आहे, नाहीतर मोटरला जोर नाही. फूट-दीड फूट बरी गेली आणि मग अडली, तर चीर मागे मिटते आहे. हे लाकडाचं काम. चिरलेल्या दोन तुकड्यांपैकी फक्त फेन्सकडच्या तुकड्यावर काळे डाग पडले असतील तर फेन्सची मागची बाजू ब्लेडकडे झुकली आहे. दोन्ही तुकड्यांवर सारखं जळलं असेल तर ब्लेड बोथट आहे किंवा त्याच्या अंगावर राळ चढली आहे. आणि एकाच लॉटच्या दहा फळ्यांपैकी सहा सरळ गेल्या, चार अडल्या, असं असेल तर मशीन सोडा आणि त्या चार फळ्या बाजूला काढून नीट पाहा. माझं उत्तर तिथेच सापडलं. अडलेल्या चारही जड होत्या.

जड म्हणजे किती? आठ फुटी दोन बाय सहा फळी (प्रत्यक्ष मापात ती ४५ बाय १४० मिलिमीटर भरते) मी भंगारातून आणलेल्या काट्याला टांगली. टालावरून आली तेव्हा १०.४ किलो. तीच फळी सहा आठवडे सावलीत रचून ठेवल्यावर ८ किलो. एका फळीतून जवळपास अडीच लिटर पाणी गेलं. बिसलेरीच्या दोन बाटल्या आणि वर अर्धी, फळीच्या पोटात घेऊन आपण ती मशीनवर चढवत होतो.

याचं कारण ट्रीटमेंटच्या पद्धतीत आहे. लाकूड बंद टाकीत घालून आधी हवा खेचतात, मग पाण्यात विरघळवलेलं औषध दाब देऊन आत रेटतात. टाकीतून निघालेलं लाकूड चिंब असतं. ते पुन्हा वाळवून विकायचं की तसंच ट्रकवर चढवायचं, हा पैशाचा प्रश्न आहे, आणि स्वस्त मालात त्याचं उत्तर काय असतं ते लकडगंजात जाऊन फळीला हात लावला की कळतं. मे महिन्यात ४५ अंशांत फळी गार लागली तर समजा.

ओल्या फळीचे तोटे दोन आहेत आणि ते एकाच वेळी भोगावे लागतात. पहिला यांत्रिक. ओले तंतू तुटण्याऐवजी लोंबतात, भुसा कोरडा उडत नाही, दातांमधल्या खाचांत लगद्यासारखा बसतो, ब्लेड घासून तापतं, तापलेलं ब्लेड पसरून डुलतं आणि आणखी घासतं. बारीक दातांच्या ब्लेडमध्ये खाचा लहान, म्हणून हे लवकर होतं. लांबीने चिरायला दहा इंचात २४ दातांचं ब्लेड हवं. "फिनिश चांगली येते" म्हणून सगळ्यालाच ६० दात लावायची आपल्याकडे सवय आहे, ती आडव्या कापाला ठीक आहे.

दुसरा तोटा औषधाचा. त्याच्याकडे खाली येतो.

नागपूरचा उन्हाळा फळीला काय करतो

इथे एक गोष्ट उलटी आहे, ती समजायला मला एक अख्खा मोसम लागला. आपल्याला वाटतं, नागपूरचं ऊन म्हणजे फुकटची भट्टी, फळी दोन दिवस बाहेर टाकली की वाळली. वरून वाळते. वरचा पापुद्रा सुकून आकसायला बघतो, आतला ओला गर त्याला आकसू देत नाही, मग तो पापुद्रा ताणल्या अवस्थेतच कडक होऊन बसतो. नंतर आतला गर वाळून आकसायला लागतो तेव्हा खेच उलटी पडते. बाहेरून फळी सरळसोट दिसते, पण आत कुस्ती चाललेली असते. तुम्ही ती मधून चिरली की कुस्ती सुटते आणि दोन्ही अर्धे एकमेकांकडे मिटतात. मध्ये ब्लेड असतं.

पाइनमध्ये भर म्हणून झाडाचा स्वतःचाही ताण असतो. वाकड्या वाढलेल्या खोडाचं लाकूड, गाभ्याजवळचं लाकूड, मोठ्या गाठीच्या बाजूचं लाकूड. फळीच्या टोकाकडे पाहिलं आणि वर्तुळांचा मध्यबिंदूच त्यात दिसत असेल तर ती फळी लांबीने चिरायच्या यादीतून काढा. तिचे आडवे तुकडे करून पेट्यांना वापरा.

आणखी एक अस्सल नागपुरी कारण सांगतो, हसू नका. कूलर. माझ्या शेडमध्ये तीन ताट्यांचा मोठा लोखंडी कूलर आहे आणि मी फळ्या त्याच्यासमोरच्या भिंतीला उभ्या लावायचो, कारण जागा तेवढीच. दिवसभर ओला वारा एका अंगावर, दुसरं अंग तापलेल्या भिंतीला. आठ दिवसांत फळ्यांना पन्हाळीसारखा बाक आला. टेबलावर अशी फळी उताणी ठेवली की ती डुलते, आणि ब्लेडवर डुललेली फळी चिमटा घेतेच. मी कूलरची जागा बदलली आणि निम्मी तक्रार गेली असं म्हणणार होतो, पण खरं सांगायचं तर पाव गेली.

फळी वाळवायची तर सावलीत, आडवी, जमिनीपासून वीतभर उंच. थरांमध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या, साधारण दीड-दीड फुटावर, आणि सगळ्या थरांच्या पट्ट्या एकावर एक उभ्या रेषेत. टोकांना ऑइल पेंटचा जाड हात द्या, नाहीतर टोकं आधी वाळून तडकतात. वर चार विटांचं वजन. दर रविवारी त्यातल्या दोन-तीन फळ्या काट्याला लावा आणि पेन्सिलने तारीख-वजन फळीवरच लिहा. वजन उतरायचं थांबलं की फळी हवेशी जुळली. मे महिन्यात हे लवकर होतं. जुलैत मात्र वजन वाढलेलंही दिसेल, तेव्हा गोंधळू नका.

लगेच उत्तर हवं असेल तर टोकापासून फूटभर आतला दोन इंचांचा तुकडा हातकरवतीने कापा, लगेच तोला, मग १०३ अंशांच्या आसपास वजन स्थिर होईपर्यंत भट्टीत ठेवा आणि पुन्हा तोला. माझा एक तुकडा २१३ ग्रॅमचा १४२ झाला. फरक ७१, भागिले १४२. म्हणजे पन्नास टक्के ओल. चिरायला ती १५ च्या आसपास हवी. यासाठी मी जुना ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) शेडमध्ये ठेवला आहे आणि तो बाहेरच्या ओट्यावर, मोकळ्या हवेत चालवतो. घरातल्या ओव्हनमध्ये हा तुकडा ठेवायचा नाही, "एकदाच" म्हणूनही नाही.

दोन पिनांचं ओलावा-मीटर चालतं का, असं बरेच जण विचारतात. साध्या लाकडाला चालतं. पण हे मीटर लाकडातून वीज किती वाहते ते मोजतं, आणि ट्रीटेड लाकडात तांब्याचे क्षार असतात. त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा चढा येतो. एकाच लॉटमधल्या फळ्यांची आपापसात तुलना करायला घ्या, आकड्यावर विश्वास ठेवू नका. काटा खोटं बोलत नाही.

आतल्या कुस्तीसाठी वेगळी चाचणी आहे. फळीतून इंचभर रुंदीची आडवी पट्टी कापा आणि तिचा मधला भाग हातकरवतीने असा काढा की चिमट्यासारखे दोन पाय उरतील. पाय समांतर राहिले तर ठीक. एकमेकांकडे वाकले तर फळी तशीच मिटणार. दोन मिनिटांचं काम आहे, तुकडा वाया जातो खरा, पण पोटात बसण्यापेक्षा स्वस्त.

तरीही चिरावंच लागलं तर

काम अडून असतं, गिऱ्हाईक रोज फोन करतं, वाळायला सहा आठवडे कोण थांबतं, हे मला माहीत आहे. ओल १५ पर्यंत उतरली नसेल पण २० च्या आसपास असेल, तर पुढच्या तीन गोष्टींशिवाय फळीला हात लावू नका.

पहिली, रायव्हिंग नाइफ. ब्लेडच्या मागे उभी राहणारी पोलादी पात, जी चिरेत शिरते आणि तिला मिटू देत नाही. कंपनीच्या मशीनवर ती येते आणि अनेकदा पहिल्याच दिवशी "मध्ये येते" म्हणून काढून माळ्यावर टाकली जाते. अँगलची बांधलेली, पट्ट्यावर चालणारी जी देशी टेबलं आहेत, त्यांना ती नसतेच. माझंही टेबल देशी. मी पात बनवून घेतली. तिची जाडी नेमकी हवी: ब्लेडच्या चकतीपेक्षा जास्त, पण दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा कमी. माझ्या ब्लेडची चकती २.२ मिलिमीटर, चीर ३.२, पात २.६. ब्लेडच्या दातांपासून तिचं अंतर ३ ते ८ मिलिमीटर, आणि उंची ब्लेडच्या माथ्यापेक्षा किंचित खाली. पुढची कड ब्लेडच्या गोलाईप्रमाणे घासलेली. देशी टेबलात ब्लेड वर-खाली होत नाही, ही एरवी अडचण, इथे सोय झाली. पात एकदा बसवली की बसवली. ब्लेडाच्या रेषेत ती केसभरही तिरकी नको, नाहीतर तीच अडवायला लागते. पट्टी ब्लेडला टेकवून पाहा, मग बोल्ट आवळा.

दुसरी, आखूड फेन्स. आपला फेन्स टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. प्लायला ते बरोबर आहे. ताण असलेल्या सबंध लाकडाला नाही, कारण फेन्सकडचा तुकडा बाहेर फाकू बघतो, त्याला फेन्स रोखतो आणि तो ब्लेडवर दाबला जातो. मी फेन्सला सागाचा एक इंची पट्टा बोल्टने लावतो, जो ब्लेडच्या मध्यापाशी संपतो. पुढे मोकळी जागा. फळीला फाकायचं तर फाकू दे. हा पट्टा लावायला पाच मिनिटं लागतात आणि धुरावर सगळ्यात जास्त फरक मला यानेच दिसला.

फेन्स तपासायचा तर प्लग काढा. एका दाताला खडूची खूण करा, तो पुढे आणून फेन्सपासूनचं अंतर घ्या, मग तोच दात फिरवून मागे नेऊन घ्या. दोन्ही अंतरं सारखी, किंवा मागचं पत्त्याच्या एका पानाइतकं जास्त. कमी कधीच नाही.

तिसरी गोष्ट पाचर. चीर मिटायला लागली की सूर बदलतो, कान ठेवा. ओढायचं नाही, ढकलायचंही नाही. फळी टेबलावर आणि फेन्सला दाबून जागच्या जागी धरायची, गुडघ्याने बंदचं बटण दाबायचं (ते गुडघ्याच्या उंचीवर नसेल तर आजच इलेक्ट्रिशियनला बोलवा) आणि ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत हात हलवायचा नाही. आमच्या मशीनला थांबायला पंधरा-वीस सेकंद लागतात; ती फार लांब वाटतात. थांबल्यावर, प्लग काढून, मागच्या चिरेत लाकडाची बारीक पाचर हलक्या हाताने ठोकायची. चीर उघडते. फळी ब्लेडपासून थोडी मागे सरकवायची, मशीन सुरू करायची, वेग पूर्ण आला की पुढे. चालू मशीनवर पाचर मारणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. त्यातल्या एकाच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं आहेत.

उभं राहायचं ते ब्लेडाच्या रेषेच्या डावीकडे, आणि त्या रेषेत मागे कोणी चहा घेऊन येत नाही ना हे पाहायचं. शेवटचा वीतभर भाग हाताने नाही, पुश स्टिकने (फळी ढकलायच्या काठीने).

विजेचं थोडक्यात. दुपारी दोन-तीनला, जेव्हा मोहल्ल्यात सगळे कूलर-एसी चालू असतात, तेव्हाच मशीन दबत असेल तर व्होल्टमीटर लावून पाहा. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. २३० च्या जागी १९० मिळाले की जवळपास एक तृतीयांश जोर गेला. लांबच्या बारीक वायरीने त्यात भर पडते. तीस मीटरची एक चौरस मिलिमीटरची वायर दहा अँपिअरला अकरा व्होल्ट खाते, अडीचची साडेचार. मी चिरकाम सकाळी सातला उरकतो, उन्हाच्याही आधी. मोटरचा पट्टा सैल असेल तर आवळा. राळ चढली असेल तर ब्लेड काढून कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवा, नायलॉनच्या ब्रशने घासा, पुसून कोरडं करा. रबरी हातमोजे घालून, कारण ती नुसती राळ नसते.

आता हिरव्या रंगाबद्दल

हिरवा रंग तांब्याचा. जुन्या आणि अजूनही वापरात असलेल्या मिश्रणात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असे तिघे असतात. टालावर त्याला सीसीए म्हणतात. १९३३ मध्ये देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी हे शोधलं, आणि मग ते जगभर विजेच्या खांबांपासून घरांच्या अंगणापर्यंत पोचलं. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक उधईला, क्रोमियम या दोघांना लाकडात जखडून ठेवतं. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी ते २००३ अखेरीपासून बंद झालं. आर्सेनिकऐवजी बोरॉन घातलेलं मिश्रणही मिळतं. दुकानदाराला सरळ विचारा की औषध कोणतं आहे. "एक्स्पोर्ट क्वालिटी" हे त्याचं उत्तर नव्हे. कळलं नाही तर आर्सेनिक आहे असं धरून चाला.

ओल्या फळीचा दुसरा तोटा हाच. क्रोमियम लाकडाशी पक्कं बांधलं जायला वेळ लागतो, तापमानाप्रमाणे काही दिवस ते काही आठवडे. तोवर ते त्याच्या जास्त विषारी रूपात असतं आणि औषध फळीच्या अंगावरच ओलं असतं. नुकती आलेली चिंब फळी चिरणं म्हणजे जिथे झटका बसण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथेच विषही सर्वांत सुटं. एकाच वाट पाहण्याने दोन्ही टळतात.

माझ्या हेल्परच्या मानेवर पुरळ उठलं तेव्हा आम्ही घामोळं समजलो. नायसिल लावलं. पुरळ बरोबर कॉलरच्या रेषेत होतं, जिथे घामात भुसा चिकटून बसतो, आणि सागवानाच्या कामाच्या आठवड्यात जायचं. चार आठवड्यांनी डोक्यात उजेड पडला.

मास्क म्हणून आपल्याकडे दुपट्टा. उन्हासाठी बांधलेला, तोच ओढून नाकावर. सुती कापडातून बारीक धूळ सरळ आत जाते, आणि दुपट्ट्याची सुटी टोकं मशीनजवळ लोंबतात, हे वेगळंच संकट. एफएफपी२ मास्क घ्या, त्यावर आयएस ९४७३ छापलेलं असतं, आणि तो नाकावर नीट दाबून बसवा. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. साध्या लाकडाचा भुसाही निरुपद्रवी नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने १९९५ मध्येच त्याला कर्करोगकारक ठरवलं आहे. इथे तर त्यात आर्सेनिक.

हातमोज्यांवरून शेडमध्ये कायम वाद होतो. ट्रीटेड लाकूड उचलताना मोजे घाला असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि ते बरोबर आहे. पण फिरत्या ब्लेडजवळ मोजे घातलेला हात म्हणजे धागा अडकला की अख्खा हात आत. म्हणून ट्रकवरून उतरवताना, रचताना, तोलताना मोजे. मशीनचं बटण दाबण्याआधी मोजे काढायचे. चिरून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खर्रा नाही, चहा नाही, मोबाइलही नाही. मनगटावरचा लाल धागा, राखी, घड्याळ, तेही काढून खिळ्याला अडकवायचं. अंगातले कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत, वेगळे धुवायचे.

कूलर चिरकामाच्या वेळी बंद. तो धूळ उडवून बरोबर माणसाच्या तोंडावर आणतो. मशीन बाहेर अंगणात ओढता येत असेल तर उत्तम. खाली जुनी ताडपत्री अंथरा म्हणजे भुसा मातीत जाणार नाही. झाडायचं नाही, पाणी शिंपडून ओला करून गोळा करायचा.

आणि हा भुसा कोणाला द्यायचा नाही. आमच्याकडे भुशाला मागणी फार. कोंबडीवाले अंथरायला नेतात, कोणी रांगोळीसाठी रंगवायला नेतं, टपरीवाला भुशाच्या शेगडीला. चिरफळ्या हेल्पर लोक घरी चुलीला नेतात, हिवाळ्यात रात्री चौकीदाराची शेकोटी त्यावरच पेटते. सीसीएचं लाकूड जळलं की आर्सेनिकचा काही भाग धुरात जातो आणि बाकीचा राखेत साचतो. मग ती राख कोणीतरी भांडी घासायला घेतं. म्हणून माझ्याकडे दोन गोण्या असतात, पांढरी सागाची आणि काळी हिरव्या लाकडाची, आणि काळीचं तोंड तारेने बांधलेलं असतं. होळीच्या आधी पोरं लाकडं मागायला येतात तेव्हा त्यांना सागाच्या गोणीतलं देतो आणि वर शंभर रुपये वर्गणी. काळ्या गोणीबद्दल विचारतात, "काका, त्यात काय हाय?" पोरांना आर्सेनिक समजत नाही. "उंदराचं औषध" म्हटलं की समजतं.

जुन्या पॅलेटचं आणि रेल्वेच्या स्लीपरचं एका ओळीत सांगतो, कारण हिंगणा-बुटीबोरीकडून पॅलेट स्वस्तात येतात. पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि एचटी अक्षरं असतील तर लाकूड फक्त तापवलेलं आहे. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घेऊच नका. स्लीपरला क्रिओसोट (डांबरी विषारी औषध) असू शकतं आणि पोटात खिळे-खडी असतात, तो टेबल सॉचा माल नाही.

चिरून झालं की काम संपलं असं नाही. औषध बाहेरच्या भागात नीट मुरलेलं असतं, मधला गर अनेकदा कोराच राहतो. चिरल्यावर तो उघडा पडतो आणि उधई बरोबर तिथून शिरते. कापलेल्या प्रत्येक तोंडावर आणि चिरलेल्या बाजूवर कॉपर नॅफ्थेनेटसारख्या औषधाचे दोन हात ब्रशने द्या. शक्य असेल तर याच्याही मागे जा: कोरं वाळलेलं पाइन घ्या, मापात चिरून, भोकं पाडून घ्या आणि मग ट्रीटमेंटला पाठवा. मोठ्या मांडवासाठी मी आता हेच करतो, भाडं लागतं पण विषारी भुसा जवळजवळ निघत नाही. जोडायला खिळे-स्क्रू गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस. साधं लोखंड तांब्याच्या क्षारांनी दोन पावसाळ्यांत खाल्लं जातं.

सध्या शेडमध्ये बावीस फळ्या रचलेल्या आहेत, पाचवा आठवडा चालू आहे. काल तोलल्या. वीस आठ किलोच्या आसपास आल्या. दोन अजून ८.९ वर आहेत, त्या सगळ्यात खाली होत्या, कूलरच्या पाण्याची गळती तिकडे जात होती. त्या वर घेतल्या, गळतीला एमसील लावलं. गिऱ्हाईकाला पुढच्या सोमवारचं सांगितलं आहे.